वांगी रंगाची भिंत

१४ एप्रिल २०२४

सौ. तुळसाबाईस,

मळ्यातून पुंजाजीचं सांगणं. तुझं नाव मी तोंडानं कधी घेत नाही, पण पत्राला ते लागतं म्हणून लिहिलं. राग मानू नको.

हे पत्र निता वाचून दाखवेल. निता, तू देवानंदची सून, म्हणजे मला लेकीसारखी. वाचताना कुठं संकोच वाटला तरी थांबू नको आणि मधलं काही गाळू नको. गाळलेलं तुझ्या आत्याबाईंना लगेच कळतं.

मी फोन केला होता. देवानंदनं उचलला. मला ऐकू कमी येतं म्हणून मी ओरडतो, मग तोही ओरडतो, आणि आमचं बोलणं आजूबाजूच्या सगळ्यांना कळतं, फक्त आम्हा दोघांना कळत नाही. तुला बोलाव म्हटलं तर म्हणाला, "ताई कामात हाय." माहेरी गेलेल्या बाईला एवढं कोणतं काम असतं? म्हणून पत्र. शेजारच्या नवीनचा भाजीचा टेम्पो आसेगावच्या बाजाराला जातो, त्याच्याजवळ देतो आहे. सोबत तुझ्या बीपीच्या गोळ्या आहेत. फळीवर राहिल्या होत्या. तू त्या विसरलीस की ठेवून गेलीस, याचा मी कालपासून विचार करतो आहे. गोळ्या ठेवून गेलीस म्हणजे लवकर येणार, असं एकदा वाटतं. गोळ्याच नकोशा झाल्या असतील, असंही वाटतं.

रंगाचे दोन्ही डबे अंगणात ताडपत्रीखाली नीट ठेवले आहेत. त्यांची काळजी करू नको.

त्या दिवशी जे झालं त्यात माझं एकट्याचं चुकलं असं मला वाटत नाही. तू मळ्यातलं वांगं पिशवीत घालून मंगरूळपीरला गेलीस, दुकानदाराच्या मशीनवर तसाच गर्द रंग तयार करून घेतलास, आणि मला कळलं कधी, तर पेंटर रामसिंग ब्रश घेऊन दारात आला तेव्हा. मी म्हटलं, "सैपाकघर हाय का सर्कशीचा तंबू?" त्यावर रामसिंग हसला. तो हसला ते मलाही आवडलं नाही. पण मी बोललो म्हणून तो हसला, असं तू म्हणशील.

मी तुला कारणं दिली होती. गर्द रंगानं खोली लहान दिसते. दिवसा बल्ब लावावा लागतो. लोक नावं ठेवतात. चुना मारलेली पांढरी भिंत चांगली असताना तिला हात लावायचं काही काम नाही. सगळी कारणं खरी आहेत. पण तू म्हणालीस, "हे त समदे लोकायचे कारण झाले. तुमाले काहून नको, ते सांगा. एक खरं सांगा, हे डबे आत्ताच वापस." मी रामसिंगला म्हटलं, तू जा.

ते एक कारण त्या खोलीत उभं राहून मला सांगता येत नव्हतं. मला वाटलं, तुला न सांगता कळेल.

तू दुपारच्या गाडीनं गेलीस. जाताना "जाते" म्हणालीस. लग्न झाल्यापासून तू दळण आणायला जातानासुद्धा "येते" म्हणून जायचीस. ते "जाते" माझ्या डोक्यातून निघत नाही. चुकून म्हणालीस का, तेवढं कळव. बाकी नाही कळवलं तरी चालेल.

पुंजाजी


१९ एप्रिल

सौ. तुळसाबाईस,

नवीन म्हणाला, गोळ्या पोचल्या. उत्तर काय दिलं विचारलं तर त्यानं रिकामी पिशवी माझ्या हातात ठेवली. मी ती उलटी करून पाहिली. पुन्हा सुलटी करून पाहिली. नवीन म्हणाला, "काका, पिशवी काई बोलत नाई." हल्ली सगळ्यांना माझ्यावर हसू येतं.

वांगी जून होत चालली आहेत. तू असतीस तर तोडणीला वेळ झाला नसता. सांबाराच्या वाफ्यातली कोथिंबीर सुकते आहे, पाणी द्यावं तर लाईट येते ती अवेळी. ऊन इतकं आहे की जमिनीवर अनवाणी पाय टेकवत नाही. या उन्हात काय काय बाहेर निघतं ते तुला माहीत आहे.

मी अंगणात विटांची चूल मांडून तिच्यावर भाकरी करतो. भाकरी म्हणण्यासारखी ती नसते. आत करत नाही, कारण गॅस तू ओट्यावरून खाली उतरवून ठेवला आहेस आणि मला खाली बसून जमत नाही. तू म्हणाली होतीस, उभं राहून कंबर दुखते. बरं, ते असो. आत फक्त मीठ, तिखट आणायला जातो. जाताना हातात बॅटरी घेतो, आधी डबे वाजवतो, मग हात घालतो. पांढऱ्या भिंतीवर सगळं लख्ख दिसतं. हे मी उगाच लिहीत नाही.

पवनचा नाशिकहून फोन आला होता. तू त्याला सांगितलंस की देवानंदनं, ते मी विचारलं नाही. म्हणाला, "बाबा, रंगच त हाय. लावू द्या ना आईले. तुमाले तिथं कुठी बसाचं हाय?" सूनबाई सायली मागून बोलत होती, ते ऐकू आलं नाही, पण ती तुझ्या बाजूनं बोलत होती हे आवाजाच्या चढावरून कळलं. त्यांना काय सांगू? ते दोघं तेव्हा इथं नव्हते.

आता एक सांगतो. डबे ताडपत्रीखाली आहेत असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. आज ते आहेत. पण मधे एक दिवस नव्हते. मी ते नवीनच्या टेम्पोत घालून मंगरूळपीरला परत द्यायला नेले होते. दुकानदार म्हणाला, मिसळून दिलेला रंग परत घेत नाहीत. मी विचारलं, यात पांढरा घालून फिका होईल का? तो म्हणाला, "होईल ना काका, पण मंग गुलाबी दिसन." मग त्यानं मला चहा दिला आणि म्हणाला, "काकू लय खुश होत्या. वांगं हातात धरून मशीनपाशी उभ्याच होत्या. रंग निघाला त त्याइनं वांगं डब्यावर धरून पाह्यलं अन् मले म्हणे, भाऊ, जमलं."

मी चहा पूर्ण प्यायलो नाही.

मला सांगितलं असतंस तर मीही तुझ्यासोबत आलो असतो, असं मी लिहिणार होतो. पण ते खरं नाही. मी आलो नसतो, आणि तुलाही जाऊ दिलं नसतं.

दहा मे रोजी अक्षय्य तृतीया, आपली अखजी आहे. माझ्या आई-वडिलांची घागर भरायची आहे. ती मी कधी भरलेली नाही. घागरीवर आंबा ठेवायचा की खरबूज, आणि खाली पळसाचं पान की केळीचं, मला आठवत नाही. तेवढ्यासाठी तरी ये. रंगाचं मग पाहू.

पुंजाजी


२४ एप्रिल

तुळसा,

हे पत्र मी विहिरीच्या काठावर बसून लिहितो आहे. घर इथून दिसतं, पण लांब आहे. का ते तुला पुढं कळेल.

काल देवानंदचा फोन आला. या खेपेला मी ओरडलो नाही, म्हणून नीट ऐकू आलं. तो म्हणाला, "भाऊजी, ताईनं अथीच भाजीचा वाफा लावला." वाफा लावला म्हणजे भाजी येईपर्यंत राहणार. मी त्याला विचारलं, कोणती भाजी? तो म्हणाला, वांगी. आसेगावच्या त्या जमिनीत वांगी चांगली येत नाहीत हे तुलाही माहीत आहे. तरी लावलीस.

म्हणून आता लिहितो.

तू एक खरं कारण मागितलं होतंस. ऐक. घर नवीन बांधलं तो उन्हाळा आठव. स्वयंपाकघराला तेव्हा रंग नव्हता, नुसतं सिमेंट होतं. मी वाशीमला बाजारात होतो. तू फळीवरचा मिठाचा डबा काढायला हात घातलास आणि तुला विंचू चावला.

लिहिलं. विंचू. हातानं लिहिलं, तोंडानं म्हटलेलं नाही, आणि घरात बसून लिहिलेलं नाही. तुझी आई तेव्हा होती. तू दवाखान्यातून आलीस त्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून म्हणाली होती, "या घरात त्याचं नाव घेऊ नका. नाव घेतलं का त्याले वाटते आपल्याले बलावलं." तेव्हापासून तू घेतलं नाहीस आणि मीही घेतलं नाही. पवनलासुद्धा आपण "आईच्या हाताला लागलं" एवढंच सांगितलं.

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा तुझं अंग बर्फासारखं होतं आणि घामानं गादी भिजली होती. डॉक्टर म्हणाला, लाल जातीचा होता, छातीवर परिणाम झाला आहे, आजची रात्र जाऊ द्या. मी काय केलं असेन ते तुला माहीत नाही, कारण तू शुद्धीत नव्हतीस. मी बाहेर जाऊन पायरीवर बसलो आणि त्या भिंतीचा विचार करत राहिलो. जात लाल म्हणतात, पण त्याचा रंग मातकट; करडी भिंत आणि तो, काही फरक नव्हता. दिवसाउजेडी तुला ते दिसलं नाही, ते त्यामुळं. तुझ्या जिवाचा धोका टळला तशी देवानंदला तुझ्याजवळ बसवून मी घरी आलो आणि त्या भिंतींना चुना मारला. एक हात, दोन हात, मारतच राहिलो. तू घरी आलीस तेव्हा म्हणालीस, "बरं दिसते." मी म्हटलं, चुना उरला होता.

चुना उरला नव्हता. मुद्दाम आणला होता, की पुन्हा कधी ते भिंतीवर आलं तर तुला लांबून दिसावं.

आता त्या भिंतीला तू वांग्याचा रंग लावणार. वांग्याच्या रंगावर ते कसं दिसेल, तूच सांग. मी हे तुला त्या दिवशी तिथं उभं राहून कसं सांगणार होतो? रामसिंगसमोर, त्याच फळीखाली? म्हणून सर्कशीचा तंबू म्हणालो. दुसरं काही तोंडात आलं नाही.

निता, हे पत्र तुमच्या स्वयंपाकघरात बसून वाचू नको. बाहेर ओट्यावर बसून वाच. आणि वाचून झाल्यावर फाडून टाकलं तरी चालेल.

पुंजाजी


२८ एप्रिल

सौ. तुळसाबाईस,

चिठ्ठी मिळाली. नवीननं दिली तेव्हा मी मोटार सुरू करत होतो, ती तशीच सोडून बांधावर बसलो. निताचं अक्षर चांगलं आहे, पण बोल तुझे आहेत. मी ती इतक्या वेळा वाचली की आता न पाहताही येते. तू म्हणतेस:

"त्यायले म्हणा, तुमाले पांढऱ्या भितीवर ते दिसावं वाटते. मले त रोजच दिसते. मोहरी उडून भितीले लागली का दिसते. काडीपेटीची जळकी काडी दिसते. चुन्याचा पोपडा सुटला, त्याची सावली पडली, तरी दिसते. दिवसातून कितीक खेप हात थिजते. तीन साल झाले, त्या भितीकडं पाठ करून सैपाक करून राह्यली. गॅस खाली कायले उतरवला, हे त्यायनं एकदा तरी इचारलं काय? मले अशी भीत पायजे का जिच्यावर काईच दिसू नाही."

मी विचारलं नव्हतं. कंबर दुखते म्हणालीस, मी मान डोलावली. ज्या बाईचा गुडघा वाकत नाही तिला खाली बसून स्वयंपाक सोपा कसा पडेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तू दाराकडं तोंड करून भाकरी थापतेस, ते मी मळ्यातून येताना लांबून पाहायचो. मला वाटायचं, मी कधी येतो ते पाहतेस.

तीन वर्षं मला असंच वाटत होतं. त्याचं मला आता जास्त वाईट वाटतं, की चुन्याचं, हे कळत नाही.

पण तुळसा, माझी भीती त्यानं जात नाही. तुला दिसू नये हे मला कळलं. पण ते असलं तर? दिसलं नाही म्हणून नसतंच असं थोडंच आहे? तुझी चिठ्ठी वाचून मी आत गेलो, तुझ्या जागी खाली बसलो, भिंतीकडं तोंड करून. खरंच भिंतभर ठिपके आहेत. एक तर हलल्यासारखा वाटला. मी उठून चप्पल घेतली. तेलाचा डाग होता.

मग बराच वेळ अंगणात ताडपत्रीपाशी उभा राहिलो. एका डब्याचं झाकण उघडून पाहिलं. रंग चांगला आहे. वांगं तोडल्यावर देठाजवळ जो असतो, तसा आहे. इतका जमेल असं वाटलं नव्हतं.

उद्या तांड्यावर जाऊन रामसिंगला निरोप देतो. तू आनंदी होऊ नको, मला अजून नक्की काही ठरवता येत नाही. फक्त निरोप देतो.

पुंजाजी


४ मे

सौ. तुळसाबाईस,

निता, हे पत्र वाचण्याआधी आत्याबाईंना खाली बसव. गोळी घेतली का विचार. मग वाच.

रामसिंग आला होता. म्हणाला, चुन्यावर हा रंग टिकत नाही, आधी चुना खरवडावा लागतो. पत्र्यानं त्यानं खरवडायला घेतलं. मी मारलेला सगळा चुना पापुद्र्यापापुद्र्यानं खाली पडत होता. मी बाहेर जाणार होतो, पण गेलो नाही. मग तो म्हणाला, फळी काढावी लागते. मी म्हटलं, फळी राहू दे. तो म्हणाला, "काका, फळीमागं रंग नाई लागला त काकू मले सोडतीन काय?" आणि त्यानं खिळे उपसले.

हे पुढचं तुला सांगावं की नाही याचा मी काल दिवसभर विचार केला. सांगितलं तर तू कधीच येणार नाहीस. नाही सांगितलं तर तू येशील आणि मी तुझ्यासमोर रोज ते पोटात ठेवून जेवीन. मला ते जमणार नाही. जे पोटात ठेवलं त्याचं काय होतं ते आपण पाहिलं.

फळी आणि भिंत यांच्यामधे बोटभर फट होती. ते त्या फटीत होतं.

रामसिंग मागं सरला नाही. जसं कोणी म्हणतं, काका, चहा झाला, तसं तो म्हणाला, "काका, इच्चू." स्वयंपाकघरात, मोठ्यानं. त्याला आपल्या घरातलं काय माहीत? त्यानं पत्र्याच्या एका फटक्यात मारलं, पत्र्यावर घेऊन बाहेर नेलं आणि येऊन पुन्हा खरवडायला लागला. मी मात्र तिथंच उभा होतो. नाव घेतलं गेलं होतं. आता दुसरं येईल, कोपऱ्यातून येईल, मोरीतून येईल, म्हणून चारी बाजूंना पाहत होतो. रामसिंगची दुसरी भिंत खरवडून झाली. काही आलं नाही.

ते तेच होतं का दुसरं, कोण सांगणार? पण भिंत पांढरी असून ते मला कधी दिसलं नव्हतं. मी तीन वर्षं भिंतीवर पाहत होतो, आणि ते फळीमागं होतं.

फट सिमेंटनं भरून घेतली. ओट्याखालची एक भरली, मोरीपाशी जाळी बसवली. फळी आता लाकडाची लावणार नाही, भिंतीपासून सुटी लोखंडी मांडणी घेतली आहे. तिच्यामागून झाडू आरपार जातो. मी घालून पाहिला.

रंगाचा एक हात झाला आहे. एका हातात तो खराब दिसतो, वांगं किडल्यासारखा. रामसिंग म्हणतो, दुसऱ्या हातानं बसतो.

हे सगळं ऐकून तू येणार नसशील तर मी समजेन. तिथं वांगी लावली आहेस, त्यांना पाणी कमी घाल, ती जमीन धरून ठेवते. मी अखजीची घागर मला जमेल तशी भरीन. आई-वडील चूक सांभाळून घेतील.

पुंजाजी


८ मे

सौ. तुळसाबाईस,

नवीन म्हणाला, पत्र ऐकून तू एवढंच विचारलंस, "फट पुरी भरली का वरवर?" आणि नंतर, "दुसरा हात झाला काय?" नवीन परत निघाला तेव्हा मागून हाक मारून म्हणालीस, "त्यायले म्हणा, घागरीखाली पळसाचं पान. अन् आंबा मी घेऊन येते."

फट पुरी भरली. आतपर्यंत, मी स्वतः थापी धरली. दुसरा हात झाला. रंग बसला. काल रामसिंग गेल्यावर मी गॅस उचलून ओट्यावर ठेवला. तुला नको असेल तर पुन्हा खाली ठेवू. मग भिंतीसमोर उभा राहिलो. तिच्यावर काही म्हणजे काही दिसत नाही. तुझं बरोबर आहे, जिवाला थंड वाटतं. माझ्या जिवाला तसं वाटत नाही, पण तुझ्या जिवाला वाटेल हे दिसतं.

मग मी दार लावून घेतलं, हातात चप्पल घेतली, आणि तोंडानं त्याचं नाव घेतलं. आधी हळू. मग नेहमीच्या आवाजात. माझा नेहमीचा आवाज किती मोठा आहे ते तुला माहीत आहे. बाहेरून जाणाऱ्या नवीननं विचारलं, "काका, इच्चू कोठी निघाला?" मी म्हटलं, कुठं नाही. आणि खरंच कुठं नव्हतं.

तरी मी ठरवलं आहे. रोज सकाळी तू उठायच्या आधी मी आत जाईन. भिंतीवरून झाडू फिरवीन, मांडणीमागून काढीन, डबे वाजवीन, आणि मग तुला हाक मारीन. ते पाहण्याचं काम माझं. तू भिंतीकडं पाहा, नाही तर पाठ कर, तुझी मर्जी.

उद्या सकाळच्या गाडीनं निघ, उन्हाच्या आत पोचशील. फाट्यावर मी उभा राहतो. देवानंदच्या दारातून निघताना "येते" म्हण, त्याच्या घराचं बरंच व्हावं. आपल्या दारात आल्यावर काही म्हणायची गरज नाही, सरळ स्वयंपाकघरात जा आणि भिंत पाहा.

नाही, सरळ नको. उंबऱ्यावर थांब. आधी मी जातो.

पुंजाजी